ट्रॅक लाइट वाढवल्यापासून आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडतोय? दिवे बदलण्याआधी छतातला न्यूट्रल बघा

खोलीत छताचे दिवे आधीपासून आहेत. त्यांच्याच पॉइंटमधून वायर ओढून एक ट्रॅक (सरकवता येणारे दिवे बसवायची रेलसारखी खाच) वाढवला, पहिल्या संध्याकाळी सगळं झकास पेटलं, आणि आठ-दहा दिवसांत कुरबुरी सुरू झाल्या. कधी आरसीसीबी (प्रवाह भलत्या वाटेने गेला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच) पडतो, कधी स्विच बंद केल्यावरही ट्रॅकवरचे दिवे मिणमिणत राहतात, कधी टोकाचा एक दिवा लागतच नाही. मग कुणीतरी येऊन दिवा बदलून जातं, चार दिवस बरे जातात, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं तीन-चार वेळा झालेली घरं मी बरीच बघितली आहेत. त्यातल्या बहुतेक ठिकाणी दिवे ठणठणीत होते. घोळ होता तो नवी वायर जुन्या वायरला जिथे जोडली त्या जॉइंटमध्ये, आणि त्यातही न्यूट्रलमध्ये, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या वायरमध्ये. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, निवडताना सगळे दोनदा टेस्टर लावतात. न्यूट्रल मात्र "कुठलाही घेतला तरी चालतो" असं धरून हाताला लागेल तो घेतात. हे चालत नाही, आणि का चालत नाही ते समजलं की वारंवार येणाऱ्या निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो.

एक घर मला नीट आठवतं. खोलीत छताचे दोन दिवे होते. एक त्या खोलीच्याच सर्किटवर, दुसरा नंतर कधीतरी शेजारच्या खोलीच्या सर्किटवरून ओढलेला. दोन्ही सर्किटना स्वतंत्र आरसीसीबी होते. दोन दिव्यांच्या मधोमध ट्रॅक लावला गेला. तक्रार अशी होती, की शेजारच्या खोलीत इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो. ट्रॅक चालू असो वा बंद, फरक नाही. त्यामुळे ट्रॅकवर कुणाचा संशयच गेला नाही. इस्त्री बदलून झाली, प्लग बदलून झाला, वायर बदलून झाली. मोबाइलचा चार्जर त्याच प्लगला लावला तर काही होत नव्हतं, म्हणून संशय इस्त्रीवरच पक्का झाला होता.

मेन बंद करून छतातला बॉक्स उघडला. दोन्ही सर्किटांचे न्यूट्रल आणि ट्रॅकचा न्यूट्रल, तिन्ही एकाच पिळ्यात होते, वर काळ्या टेपचे पाच-सहा फेरे. टेप सोलताना हाताला चिकट लागला. आतले दोन फेरे तपकिरी होऊन कडक झाले होते आणि वायरच्या आवरणाची कड आक्रसली होती. मला तिथेच उत्तर मिळालं. सहा हेडचा (हेड म्हणजे ट्रॅकवर बसणारा एकेक दिवा) ट्रॅक, प्रत्येकी 12 वॅट, म्हणजे सगळे मिळून 72 वॅट. 230 व्होल्टला हा जेमतेम 0.3 अँपिअर होतो. एवढ्याशा प्रवाहाने टेप भाजत नाही. त्या जॉइंटमधून ट्रॅकपेक्षा बरंच मोठं काहीतरी वाहत होतं.

ते काय, हे सांगण्याआधी आरसीसीबीचं काम थोडक्यात. तो लोड मोजत नाही. फेजने किती प्रवाह गेला आणि न्यूट्रलने किती परत आला, एवढंच तो तोलून बघतो. घरातल्या नेहमीच्या आरसीसीबीचा आकडा 30 मिलिअँपिअर असतो. फरक 15 पर्यंत असेल तर त्याने पडायचं नाही, 30 ला पडलंच पाहिजे, आणि मधल्या पट्ट्यात तो केव्हाही पडू शकतो. आता 1000 वॅटची इस्त्री घ्या. ती 4.3 अँपिअरच्या आसपास घेते. हा प्रवाह शेजारच्या खोलीच्या फेजने गेला. परत येताना त्याला छतातल्या त्या पिळ्यात दोन वाटा मिळाल्या: आपला न्यूट्रल आणि दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल. शंभरातला एक हिस्सा जरी दुसऱ्या वाटेने गेला तरी तो 43 मिलिअँपिअर होतो, आणि आरसीसीबी पडतो. चार्जरचा प्रवाह एवढा लहान असतो, की त्याची वाटणी सहसा 15 मिलिअँपिअरपर्यंतही पोचत नाही. इस्त्री निर्दोष होती. तिचा प्रवाह मोठा होता, इतकंच.

याच घोटाळ्याचा दुसरा प्रकार जास्त फसवा असतो. त्यात दोन न्यूट्रल एकत्र केलेले नसतात, पण ट्रॅकची फेज एका दिव्यावरून आणि न्यूट्रल दुसऱ्या दिव्यावरून घेतलेला असतो. मग ट्रॅकचा सगळाच्या सगळा प्रवाह आरसीसीबीला फरक म्हणून दिसतो. 5 वॅटचा एक हेड 230 व्होल्टला साधारण 22 मिलिअँपिअर घेतो, आणि ड्रायव्हरचा (हेडमधल्या एलईडीला चालवणाऱ्या सर्किटचा) पॉवर फॅक्टर कमी असेल, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो जादा प्रवाह ओढत असेल, तर त्याहून जास्त. (120 व्होल्टची वीज असेल तिथे हा आकडा जवळपास दुप्पट होतो.) म्हणजे एका हेडवर आरसीसीबी कदाचित तग धरेल, पण दुसरा हेड ट्रॅकमध्ये फिरवून बसवला की खाली येईल. साहजिकच "दुसरा हेड खराब आहे" असं ठरतं आणि तो बदलला जातो. इथे एक साधी युक्ती करा. दोन्ही हेड काढा आणि आधी "खराब" ठरलेला हेड एकटाच लावा. तो निवांत चालला, आणि "चांगला" हेड सोबत लावल्यावर आरसीसीबी पडला, तर हेडचा काही दोष नाही. हेडची संख्या वाढली की पडतो, याचा अर्थ न्यूट्रल परका आहे.

आणि ज्यांच्याकडे आरसीसीबी नाही, किंवा सगळ्या घराला मिळून एकच आहे, त्यांच्याकडे हे काहीच पडणार नाही. सगळं सुरळीत चाललंय असं वाटेल. मला काळजी अशाच घरांची वाटते. पुढे कधीतरी कुणी त्या दिव्याचा एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा त्या सर्किटचा बोर्डातला स्विच) बंद करून, वीज गेली असं समजून शिडीवर चढेल आणि न्यूट्रलचा जॉइंट सोडवेल. दुसऱ्या सर्किटचं काही चालू असेल तर सुटलेल्या त्या टोकावर पूर्ण व्होल्टेज येतं. न्यूट्रलने झटका बसतो तो असा, आणि शिडीवरचा झटका म्हणजे वरून पडणंही आलं.

म्हणून छतातला बॉक्स उघडताना स्विच बंद करून थांबू नका, एका एमसीबीवरही विसंबू नका. ज्या खोलीत नंतर वायर वाढवली आहे तिथे मेनच बंद करा. मीटरने आधी चालू असलेल्या प्लगवर वीज दिसते का ते बघा, मेन बंद करा, मग बॉक्समधली प्रत्येक वायर तपासा, आणि शेवटी मीटर पुन्हा एखाद्या नक्की चालू असलेल्या ठिकाणी लावून तो मध्येच बिघडला नाही याची खात्री करून घ्या. निऑनचा टेस्टर या कामाला पुरेसा नाही. शेजारच्या वायरीमुळे आलेल्या नुसत्या प्रेरित व्होल्टेजवरही तो लुकलुकतो, आणि पायाखाली कोरडं लाकूड असेल तर खऱ्या विजेवरही मंद दिसू शकतो. वायरचा रंग बघून तर काहीच ठरवू नका. जुन्या वायरिंगमध्ये स्विचपर्यंत गेलेली आणि तिथून हाफ वायर (स्विचमधून दिव्याकडे येणारी फेज) होऊन परत आलेली जोडी पुष्कळदा कुठल्याही रंगात असते. जिथे घरच्या वायरिंगला हात लावायला परवाना लागतो, तिथे इथून पुढचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याला नेमकं काय तपासायला सांगायचं, तेवढं तुमच्या हातात असू द्या.

न्यूट्रल मिसळलेत का, हे दोन मिनिटांत कळतं. मेन बंद, दोन्ही सर्किटांचे एमसीबी बंद, प्लगला लावलेली सगळी उपकरणं काढलेली. वितरण बोर्डात दोन्ही सर्किटांचे न्यूट्रल पट्टीवरून सोडवायचे आणि त्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटरची कंटिन्युइटी लावायची. बीप वाजता कामा नये. वाजलं, तर ते दोन न्यूट्रल कुठेतरी भेटले आहेत, आणि ट्रॅक लावल्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल तर ते भेटीचं ठिकाण बहुधा ट्रॅकचाच बॉक्स असतो. क्लॅम्प मीटर असेल तर चालू लोडवरही बघता येतं: एकाच सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्या, आकडा शून्याजवळ हवा. जो आकडा उरतो तेवढा प्रवाह परक्या वाटेने फिरतोय. हे काम बोर्ड उघडा ठेवून, वीज चालू असताना करायचं आहे, सरावाच्या माणसालाच करू द्या.

दुरुस्ती सोपी आहे. ट्रॅकला फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही एकाच सर्किटमधून, शक्यतो एकाच बॉक्समधून द्या. दुसऱ्या सर्किटच्या वायरी त्याच बॉक्समधून जात असतील तर त्या वेगळ्या कनेक्टरमध्ये राहू द्या. दोन जुने दिवे आणि ट्रॅक एकाच स्विचवर हवे असतील, तर दुसरा दिवा संपूर्ण पहिल्या सर्किटवर आणा. त्याची नुसती फेज हलवून न्यूट्रल तिथेच सोडणं म्हणजे मघाचाच घोळ पुन्हा घालणं.

स्विच बंद, तरी दिवे मिणमिणतात

ही तक्रार त्रासदायक आहे, पण घाबरण्यासारखी क्वचितच असते. एलईडीला दिसण्यापुरतं पेटायला अगदी थोडा प्रवाह पुरतो. लांबच लांब शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन वायरींमध्ये मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरडचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, असते. दहा मीटर लांबीत, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झला, त्यातून 0.07 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह झिरपतो. जुना तंतूचा बल्ब असताना तो कुणाला कधी दिसला नाही. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र त्यावर हळूहळू भरत जातो, पुरेसा भरला की ड्रायव्हर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, क्षणभर चमकतो आणि रिकामा होतो. दर काही सेकंदांनी एक लख्ख झलक दिसते ती ही.

सगळ्यात आधी स्विचवर इंडिकेटर (स्विच बंद असताना पेटणारा छोटा दिवा) आहे का ते बघा. इंडिकेटर पेटलेला राहतो तो प्रवाह दिव्यातूनच जातो. इंडिकेटर काढला आणि मिणमिण थांबली तर शोध संपला. नाही थांबली, तर स्विच फेज तोडतोय की न्यूट्रल हे तपासा. स्विच न्यूट्रलवर असेल तर बंद स्थितीतही ट्रॅकच्या पट्टीवर फेज उभी असते, आणि ही गोष्ट मिणमिणण्यापेक्षा फार गंभीर आहे, कारण "बंद" ट्रॅकमधला हेड बदलायला आपण उघड्या पट्टीजवळ बोटं नेतो. हे त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. दोन्ही ठीक असेल तर ट्रॅकच्या टोकाला दिव्यांच्या समांतर एक स्नबर किंवा बायपास कपॅसिटर जोडला की झिरपलेला प्रवाह त्यातून निघून जातो.

तुमचा मल्टिमीटर बंद ट्रॅकवर 60-70 व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही चक्रावून जाल. तिथे तात्पुरता एक तंतूचा बल्ब समांतर लावा. आकडा शून्यावर आला तर ते भुताटकी व्होल्टेज होतं, शेजारच्या वायरीतून झिरपलेलं. बल्ब खरोखर मंद पेटला, तर कुठेतरी चुकीचं कनेक्शन आहे.

चुकीच्या वायरीतून घेतलेली फेज

ट्रॅक लावला आणि जुना दिवाही मंद झाला, किंवा दोन्ही अर्धवट पेटतात: ट्रॅक सिरीजमध्ये गेला आहे. दिव्याची हाफ वायर आणि न्यूट्रल यांच्यामध्ये समांतर जोडायच्या ऐवजी दिव्यातून बाहेर पडणाऱ्या वायरीला ट्रॅक जोडला गेला. बॉक्स उघडून जोडणी बदलली की झालं.

ट्रॅक कायम चालू राहतो, स्विचला दादच देत नाही: छताच्या बॉक्समधून पुढच्या पॉइंटला जाणारी कायमची फेज घेतली गेली, हाफ वायर घेतली नाही. ज्या घरांत फेजचं लूपिंग छतातच केलेलं असतं तिथे ही चूक हमखास होते, कारण मीटर दोन्ही वायरींवर सारखेच व्होल्ट दाखवतो. स्विच बंद करून मोजा. जिच्यावर आता शून्य (किंवा मघाचं भुताटकी व्होल्टेज) आहे ती हाफ वायर.

जिन्याच्या स्विचसारखे दोन टू-वे स्विच असलेली खोली असेल तर घोळ आणखी गमतीशीर वाटतो. ट्रॅक कधी लागतो, कधी नाही, जुना दिवा मात्र दोन्ही स्विचवरून नीट चालतो. तिथे फेज घेतलेली असते दोन स्विचमधल्या धावत्या जोडीपैकी एका वायरवरून. त्या वायरवर वीज असते ती स्विचच्या एका स्थितीत, दुसऱ्या स्थितीत ती तिच्या जोडीदारावर जाते. स्विचच्या चारही जुळण्या कागदावर लिहा आणि प्रत्येकीत ट्रॅक आणि जुना दिवा काय करतात ते पुढे मांडा. दोघांच्या नोंदी तंतोतंत जुळल्या नाहीत तर फेज मधूनच उचलली आहे. ती उचलायची जागा एकच: शेवटच्या स्विचच्या कॉमनमधून दिव्याकडे निघणारी वायर.

ट्रॅकच्या आत

वायरिंग बरोबर असूनही काही हेड मृत राहतात तेव्हा शिडीवर चढून ट्रॅककडे जवळून बघा. हेडच्या अॅडॅप्टरला एका बाजूला छोटी कड असते आणि ट्रॅकच्या खाचेत तिच्यासाठी जागा. उलटा घातला तर तो थोडं जोर लावल्यावर बसल्यासारखा वाटतो, पण त्याच्या तांब्याच्या जिभा पट्टीला टेकतच नाहीत. ट्रॅकच्या एका कडेला उभी रेघ किंवा खोबण असते ती याच दिशेची खूण. दोन ट्रॅक जोडताना ही खोबण एकाच बाजूला हवी, नाहीतर जॉइंटच्या पलीकडचे सगळे हेड बंद. कोपऱ्याच्या एल जॉइंटमध्येही डावा-उजवा फरक असतो. तीन सर्किटच्या ट्रॅकमध्ये तर अॅडॅप्टरवरच 1, 2, 3 असा निवडीचा खटका असतो. फीडला (ट्रॅकला वीज जिथून मिळते त्या टोकाला) एकच फेज जोडलेली आणि हेड 2 वर, तर तो कसा लागणार?

ट्रॅक जागेच्या मापात कापून घेतला असेल तर कापलेलं टोक आवर्जून तपासा. करवतीने कापताना तांब्याची पट्टी ॲल्युमिनियमच्या काठाला लागून राहते, किंवा धातूचा कीस खाचेत पडतो. सुरुवातीला चालतं. मग हेड सरकवताना कीस हलतो, आणि एखाद्या दिवशी पट्टी आणि अर्थ केलेली बॉडी यांच्यात पूल बांधला जातो. हाही आरसीसीबी पाडतो, पण याची चाल वेगळी आहे: इस्त्रीशी संबंध नाही, हेडच्या संख्येशी नाही, ट्रॅक चालू केल्या केल्या किंवा हेड सरकवल्यावर पडतो. सगळे हेड काढून, फीड सुटी करून, 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) पट्टी आणि बॉडी यांच्यातला रोध मोजा. 1 मेगओहमच्या वर हवा, आणि एवढ्याशा कोऱ्या ट्रॅकला तो त्याहून कितीतरी जास्तच दिसला पाहिजे. टोकाची तांब्याची पट्टी काठापासून काही मिलिमीटर आत सरकवून कापा, कीस ब्रशने झटका, आणि टोकाचं झाकण लावल्याशिवाय वीज देऊ नका. बॉडीला अर्थ नसेल तर यातलं काहीच पडणार नाही आणि धातूचा अख्खा ट्रॅक झिणझिण्या देत राहील. जुन्या दिव्याच्या बॉक्समध्ये अर्थची वायर नसेल तर ती नव्याने ओढून घ्या, न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडण्याचा शॉर्टकट कधीही घेऊ नका.

एमसीबी पडत असेल, आरसीसीबी नाही, तर बघायचं वेगळंच. एलईडीच्या बाबतीत एकूण वॅट हे कारण सहसा नसतं. 6 अँपिअरच्या सर्किटवर 230 व्होल्टला 1380 वॅट मावतात. पण प्रत्येक ड्रायव्हर चालू होताना आपला कपॅसिटर भरायला क्षणभर मोठा झटका ओढतो, आणि पंधरा-वीस ड्रायव्हर एकाच स्विचवर असले की हे झटके एकत्र येतात. बी प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या 3 ते 5 पट प्रवाहाला तात्काळ पडतो, सी प्रकारचा 5 ते 10 पटींना. स्विच टाकताना दहातून एखाद्या वेळी पडणं आणि पुन्हा टाकल्यावर निवांत चालणं, ही याची खूण. ट्रॅक आणि जुने दिवे दोन स्विचवर विभागले तरी पुष्कळदा भागतं.

जुन्या दिव्यांना डिमर असेल तर तो तंतूच्या बल्बसाठी घेतलेला असण्याची शक्यता मोठी. त्याला चालायला किमान लोड लागतो आणि एलईडी तेवढा देत नाहीत, म्हणून फडफड. डिमेबल नसलेले हेड त्यावर लावूच नका.

त्या इस्त्रीच्या घरात शेवटी एवढंच केलं. भाजलेलं टोक मागे कापून टाकलं, दोन्ही न्यूट्रल वेगळ्या लिव्हर कनेक्टरमध्ये घेतले, ट्रॅक पहिल्या सर्किटवर पूर्ण आणला. मग शेजारच्या खोलीत इस्त्री लावली, सहाही हेड चालू केले आणि बोर्डात क्लॅम्प लावला. दोन्ही सर्किटवर शून्य. बॉक्सचं झाकण फॉल्स सीलिंगच्या आत बंद न करता खालून उघडेल असं ठेवलं आणि त्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं: "दोन सर्किट. मेन बंद करा. न्यूट्रल जोडू नका."